तळाशी पोहोचलेली जीभ

मी एक जुना कथलाचा पेला आहे. पेला म्हटल्यावर तुम्हांला वाटेल, कोणीतरी मोठा माणूस माझ्यातून सरबत पीत असेल. छे! माझ्यातून आजवर एकाही माणसाने घोट घेतलेला नाही. मी कुत्र्यांचा पेला आहे, आणि तोही विजेत्या पग कुत्र्यांचा! मित्रांनो, तुम्हांला सांगायचे माझ्याकडे इतके साठले आहे की काय आधी सांगू आणि काय नंतर, असे झाले आहे.

आमच्या कालव्याकाठच्या आल्डेसाइल गावात डाऊवे नावाचा कथलाचा कारागीर होता. गावजत्रेतल्या पगांच्या स्पर्धेसाठी पेला करायचे काम त्याच्याकडे आले. पठ्ठ्याने मापाची पट्टी हातातही घेतली नाही. त्याने मातीचा एक खोलगट साचा केला, आत लोणी लावले आणि आपल्या सार्त्ये नावाच्या पग कुत्रीला म्हणाला, "चाट बघू, पोरी." तिची जीभ जिथवर पोहोचली, तिथे त्याने माझा तळ धरला. सार्त्येने लोण्याबरोबर थोडी मातीही चाटली. त्यामुळे माझ्या पोटाला एका बाजूने खळगी आहे. मला त्या खळगीचा भारी अभिमान वाटतो.

माझ्या तळाशी डाऊवेने एक हेरिंग मासा कोरला, आणि त्या माशापायी गावात एक प्रथा पडली. परीक्षकांनी कितीही कौतुकाने कुत्रा निवडला, तरी तो लगेच विजेता ठरत नसे. मला अर्धे पाण्याने भरायचे आणि कुत्र्यापुढे ठेवायचे. त्याने पाणी पीत पीत तळ गाठला, की मालकाने मला उंच धरून आतला मासा सगळ्यांना दाखवायचा. मग सारे गाव एका आवाजात ओरडायचे, "मासा दिसला!" आणि त्याच क्षणी बँड वाजू लागायचा.

काय दिवस होते ते! एका वर्षी विजेत्याला तो मासा खराच वाटला. तो मला तोंडात धरून बँडच्या मधून असा पळाला, की मोठा ढोल गडगडत कालव्यात गेला. दुसऱ्या एका वर्षी माझ्यात आधीच एक बेडूक येऊन बसला होता. मालकाने मोठ्या दिमाखात मला उंचावले आणि गाव ओरडले, "बेडूक दिसला!" जत्रा संपली की मी गावातल्या कॉफीच्या दुकानात, खिडकीतल्या फळीवर जाऊन बसत असे. तिथे दुकानातले मांजर माझ्यात शेपूट घालून झोपायचे. माझी काही तक्रार नव्हती.

आणि मग, मित्रांनो, कुत्र्यांची नाके आखूड होऊ लागली.

एकदम नव्हे. सार्त्येचे नाक चांगले बोटभर होते. तिच्या नातवंडांचे अर्धे बोट राहिले. लोक म्हणायचे, "किती गोड, अगदी बाळासारखं तोंड!" मग ज्यांची नाके सगळ्यांत चपटी त्यांनाच बक्षिसे मिळू लागली, आणि बक्षिसे मिळाली त्यांचीच पिल्ले लोक मागू लागले. होता होता नाक गालांच्या घड्यांत कुठे हरवले ते कळलेही नाही. मला मात्र कळत होते. जिभा माझ्या तळापासून वर वर सरकत होत्या. लोक मला अर्ध्याऐवजी काठोकाठ भरू लागले. पुढे कुत्र्यापुढे तिरके धरू लागले. शेवटी शेवटी तर कुत्र्याने ओठ ओले केले की मालक उरलेले पाणी गुपचूप गवतावर ओतायचा आणि मला उंचावायचा. गाव ओरडायचे, बँड वाजायचा, पण मला मनातून लाज वाटायची.

आता रेन्स्केबद्दल सांगतो. रेन्स्के म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या गोठ्याची मालकीण. तिच्या गायी पाहायला लांबून लोक येत. कुठली गाय पैदाशीला ठेवायची आणि कुठली नाही, यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. आणि पगांच्या स्पर्धेतही तिचा हात धरणारे कोणी नव्हते! तिचा कायझर वर्षामागून वर्षे जिंकत होता. कायझरचे तोंड ताटलीसारखे सपाट होते आणि तो इतका घोरायचा, की दुकानातले लोक म्हणत, "कोणाची तरी मोटरबोट येतेय वाटतं." मग सगळे हसायचे. रेन्स्केही हसायची आणि त्याला उचलून छातीशी धरायची. तिचा त्याच्यावर फार जीव होता, हे मला कबूल केलेच पाहिजे.

एके दिवशी कॉफीच्या दुकानात जत्रेची सभा भरली. जुन्या दुकानदाराचा नातू विब्रेन आता दुकानाचाही मालक होता आणि स्पर्धेचा अध्यक्षही. प्रत्येकापुढे एक कॉफी आणि एक बिस्किट होते. आमचे लोक काटकसरी; दुसरे बिस्किट आमच्याकडे कोणी मागत नाही. विब्रेनने मला टेबलावर ठेवले आणि खडूने माझ्या पोटाभोवती रेघ ओढली.

"हे बघा, हा पेला फार खोल आहे. बिचाऱ्या कुत्र्यांचे हाल होतात," तो म्हणाला. "इथून कापून टाकू. वरची कड घासून घेतली की कुणाला कळणारही नाही."

मला कापणार! मित्रांनो, माझ्या अंगातले कथील जागच्या जागी वितळले असते.

कोपऱ्यात योरिट बसला होता. त्याची कालव्यावर मालाची बोट होती, आणि पायाशी त्याचा कुत्रा पिम होता. पिमची आई पग होती. बाप कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हते. योरिट म्हणाला, "कापताय कशाला अर्धवट? ताटलीच करा ना त्याची. वर चीज तरी ठेवता येईल."

"तू गप रे, योरिट," रेन्स्के म्हणाली. "तुझ्या पिमचा बाप कोण, हे तुला तरी माहितीये का?"

"नाही बुवा. पण श्वास घेताना तो शिट्टी वाजवत नाही, एवढं माहितीये."

सगळे खो खो हसले. रेन्स्के मात्र लालबुंद झाली. ती म्हणाली, "कापा पेला. माझं मत कापायला." आणि ठरले. या जत्रेत मी शेवटचा अख्खा दिसणार, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी करवतवाला येणार.

जत्रेचा दिवस उजाडला तोच मुळी रणरणत. आमच्याकडे असे ऊन क्वचित पडते, त्यामुळे लोक खुशीत होते. हेरिंगच्या गाडीपुढे रांग लागली होती, बँडवाले कोट काढून बसले होते. कायझर नारिंगी फीत बांधून आला आणि अपेक्षेप्रमाणे परीक्षकांनी त्यालाच निवडले. मला काठोकाठ भरून टेबलावर ठेवण्यात आले. रेन्स्के कायझरला उचलायला वाकली.

तेवढ्यात आला पाद्रीबुवा!

पाद्रीबुवा म्हणजे विब्रेनच्या परसातला हंस. छाती काढून, मान ताठ ठेवून असा चालायचा, की त्याला दुसरे नाव शोभलेच नसते. तो फडफडत टेबलावर चढला, त्याने आपली लांबलचक मान माझ्यात घातली आणि गटागटा पाणी प्यायला. थेट तळापर्यंत! किती वर्षांनी माझ्या माशाला कोणाचा तरी स्पर्श झाला होता! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"मासा दिसला!" योरिट ओरडला, आणि सवयीने सगळे गाव ओरडले. बँडच्या म्होरक्याची पाठ टेबलाकडे होती. त्याने आरोळी ऐकली आणि जोरात विजयाची धून सुरू केली. विब्रेन "थांबवा, थांबवा!" म्हणत धावला. पाद्रीबुवाला ते आवडले नाही. त्याने विब्रेनची विजार मागून धरली ती सोडेचना. पिम भुंकत मध्ये पडला, हंस पिमवर उलटला, मुले टेबलांवर चढली, आणि हसून हसून लोकांच्या हातातले हेरिंग खाली पडले.

ही मजा पाहून कायझरलाही राहवले नाही. कुत्राच तो! रेन्स्केच्या हातातून सुटून तो हंसामागे धावला. चार उड्या मारल्या, पाचवी मारायला गेला आणि कोसळला.

"कायझर! अरे बाळा, ऊठ ना!" रेन्स्के किंचाळली. त्याची जीभ जांभळी पडली होती. डोळे उघडे होते, पण ते कोणाकडे बघत नव्हते.

गुरांची डॉक्टर लीस्बेत गाडीपाशी हेरिंग खात उभी होती. ती हातातला मासा फेकून धावली. "पाण्यात घे त्याला! लवकर! मान सरळ धर!"

रेन्स्केने एका काखेत कायझरला घेतले आणि दुसऱ्या हाताने टेबलावरून जे भांडे हाती लागले ते उचलले. ते भांडे म्हणजे मी! जत्रेचा नवा झगा, डोक्यावर टोपी, तशीच ती काठावरून कालव्यात उतरली आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. मला बुडवायची, कायझरवर ओतायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा ओतायची. "श्वास घे रे, राजा. घे ना श्वास!" मी पाणी घेत होतो आणि देत होतो. आयुष्यात एवढे महत्त्वाचे काम मी कधीच केले नव्हते. पाद्रीबुवासुद्धा काठावर येऊन मान लांब करून बघत होता.

आणि मग तो आवाज आला. खर्रर्र, आणि एक बारीक शिट्टी. कायझर श्वास घेत होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बँड बंद होता. त्या शांततेत सगळ्या गावाने तो श्वास ऐकला. त्याच आवाजाला ते इतकी वर्षे मोटरबोट म्हणून हसत आले होते. आज कोणालाही हसू आले नाही.

रेन्स्केने ओंजळीत पाणी धरले. कायझरने त्यात तोंड घातले, थोडे प्यायला, दम खायला थांबला, पुन्हा थोडे प्यायला. तिने त्याचा प्रत्येक श्वास ऐकला. मग म्हणाली, "लीस्बेत, माझी एखादी गाय असा श्वास घेत असती, तर तू मला काय सांगितलं असतंस?"

"मी कशाला सांगू?" लीस्बेत म्हणाली. "तूच तिला त्याच दिवशी पैदाशीतून काढली असतीस."

रेन्स्केने कायझरला पुन्हा छातीशी उचलून धरले. टोपीतून तिच्या चेहऱ्यावर पाणी ओघळत होते. ते सगळेच कालव्याचे होते असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाला आला. विब्रेनने मला टेबलावर आडवे पाडले. पाण्यात धुऊन गेलेली खडूची रेघ त्याने पुन्हा ओढली. करवतीचे दात माझ्या पोटाला टेकले. संपले, मी मनात म्हणालो. इतक्यात दार उघडले आणि रेन्स्के आत आली.

"ठेव ती करवत खाली."

"अहो रेन्स्केबाई, तुम्हीच तर मत दिलं होतं!" विब्रेन म्हणाला.

"दिलं होतं. कापण्यात माझा हात कोण धरणार? इतकी वर्षं मी या कुत्र्यांची नाकंच कापत आले, विब्रेन. सुरीनं नाही, निवडून निवडून. आता कापायला नाक उरलं नाही, म्हणून आपण पेल्यावर आलोय."

"पण मग स्पर्धेचं काय करू? एकाही कुत्र्याची जीभ तळाला पोहोचत नाही."

"मग कुणालाच बक्षीस देऊ नकोस. पेला रिकामा राहू दे."

ती मला उचलून फळीवर ठेवून गेली. आणि मी खरेच रिकामा राहिलो. जत्रा यायच्या, जायच्या. माझ्यावर धूळ बसायची. गावातले काही लोक रेन्स्केवर रुसले. शहरातल्या पगवाल्यांनी तिला आपल्या मंडळातून काढून टाकले. तिला ते लागले, पण ती मागे फिरली नाही. कायझरच्या नाकावर शस्त्रक्रिया करवून तिने त्याला स्पर्धेतून आणि पैदाशीतून कायमचे मोकळे केले. मग एक मोठे चीज काखोटीला मारून ती योरिटच्या बोटीवर गेली. ही हकिगत योरिटने दुकानात इतक्यांदा सांगितली आहे, की मला ती पाठच झाली आहे.

"तुझ्या पिमला घेऊन ये. माझ्या पग कुत्रीसाठी, रोशेसाठी," रेन्स्के म्हणाली.

"बिनबापाच्या पिमला? आता बरी आठवण झाली!"

"पुढे एक शब्द बोललास तर चीज परत नेईन."

योरिट पुढे एक शब्द बोलला नाही.

आणि अखेर तो दिवस आला! जत्रेच्या मैदानावर रेन्स्के एका लहान कुत्रीला घेऊन उभी होती. मिप तिचे नाव. रोशे आणि पिमची मुलगी. डोळे पगाचे, शेपटी पगासारखी वळलेली, पण तोंडावर चक्क नाक! परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. "हिला पग म्हणायचं का?" एक जण कुजबुजला. विब्रेनने घसा साफ केला आणि फळीवरून आणलेला, धुऊन पुसून लख्ख केलेला मी तिच्यापुढे ठेवला. "आमच्याकडे ते हाच ठरवतो," तो म्हणाला. मी अर्धाच भरलेला होता. अगदी डाऊवेच्या दिवसांसारखा!

मिपने माझ्यात तोंड घातले. लप लप लप. पाणी खाली खाली जाऊ लागले. लोक माना उंच करून बघत होते, पाद्रीबुवाला या खेपेला खुंटीला बांधले होते आणि तो संतापाने ओरडत होता. मिपची जीभ सार्त्येच्या त्या खळगीवरून सरकली, आणखी खाली आली, आणि मग ती माझ्या माशाला लागली. गरम, ओली, खरीखुरी पगाची जीभ! मी कथलाचा आहे, मित्रांनो, पण त्या क्षणी मी थरथरलो.

रेन्स्केने मला उंच धरले. आतला मासा उन्हात चमकला. तेव्हा योरिटने टोपी हवेत उडवली.

"मासा दिसला!"

केवढी ती आरोळी! कालव्यातली बदके उडाली. म्हाताऱ्या कायझरनेही सावलीतून एकदा भुंकून घेतले. रेन्स्के त्याच्यापाशी जाऊन बसली आणि तिने नेहमीप्रमाणे ओंजळीत पाणी धरले, कारण माझ्यातून पिणे त्याला या जन्मी जमणार नव्हते. माझ्या आनंदात तेवढे एक दुःख राहिले आहे.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही, साधा पेला आहे. पण कधी तुम्ही कुत्र्याचे पिल्लू आणायला गेलात, तर त्याचे गोड तोंड बघून लगेच भुलू नका. त्याला जवळ घ्या, कान त्याच्या नाकाशी न्या आणि त्याचा श्वास ऐका. त्याच्या आईचाही ऐका. श्वासाची शिट्टी ऐकू आली तर हसू नका. पिल्लू खाली ठेवा आणि ज्याने त्याची पैदास केली त्याला विचारा, "याचं नाक कुठे गेलं?"