भिंतीच्या भेगेला शोभेल असा शब्द

मधुकररावांना सकाळपासून एकच शब्द हवा होता, आणि तोही इंग्रजीतला. येलहंक्याच्या त्यांच्या सोसायटीमागे शेजारच्या बिल्डरने खोल खड्डा खणला होता आणि कंपाउंडची उंच दगडी भिंत फाटत चालली होती. चार दिवसांपूर्वी भेगेत बोट जात होतं, आज अख्खी मूठ गेली. त्याच भिंतीच्या सावलीत चंदना रोज पाचला मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायची. मधुकररावांची नात यशश्रीही त्यात होती. सेक्रेटरी म्हणून ग्रुपवर सूचना टाकणं त्यांचंच काम.

आता सरळ लिहावं ना, की भिंत पडेल, तिकडे फिरकू नका! पण छे! बत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासणीचे अहवाल लिहिलेला माणूस. 'बिग' म्हणजे बालवाडी. 'ह्यूज' म्हणजे सिनेमाची जाहिरात. 'लार्ज' लिहिलं की कारखान्यात चौकशी बसलीच म्हणून समजा. म्हणून तिथे सगळे एक पायरी खालचा शब्द लिहायचे आणि साहेबलोक तो मुकाट्याने एक पायरी चढवून वाचायचे. 'मॉडरेट' दिसलं की मशीन बंद, माणसं बाहेर.

'कन्सिडरेबल' लिहिलं, खोडलं. 'साइझेबल' उगाच नटवं वाटलं. शेवटी 'मॉडरेट क्रॅक, काळजी घ्यावी' असं पाठवून स्वारी निश्चिंत मनाने आडवी झाली.

जाग आली तेव्हा ग्रुपवर एकवीस अंगठे होते. सून अमृताने व्हाइटफील्डच्या ऑफिसातून लिहिलं होतं, "थँक्स बाबा, टेन्शनच गेलं."

मधुकरराव ताडकन उठून बसले. टेन्शन गेलं? घड्याळात सव्वापाच. लिफ्टची वाट न बघता ते तीन मजले धडपडत उतरले.

बारा मुलं भिंतीला पाठ टेकून चित्रं रंगवत होती.

"चंदना, उठव सगळ्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"का हो अण्णा? मॉडरेट आहे म्हणून तुम्हीच लिहिलंत की. पालकांचे फोन आले, मी त्यांना तेच वाचून दाखवलं."

"अगं बाई, मॉडरेट म्हणजे लार्ज!"

"असं कुठं असतंय, अण्णा?" ती हसली. मुलंही खिदळली.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भेगेतून बारीक खडी गळायला लागली होती, मुलांच्या डोक्यांवर, वह्यांवर. एका मुलीने ती फुंकरीने उडवली आणि पुन्हा रंगवायला लागली.

"पळा!" ते ओरडले. चंदनाने वर पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. भिंतीच्या आत काहीतरी कडकडलं. मधुकररावांनी झडप घालून एकीचा हात धरला आणि तिला ओढत धावत सुटले.

दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं, आपण यशश्रीला घेऊन आलो. उरलेली अकरा अजून तिथेच होती.