भिंतीवरून जाणारी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. डोंगरात चालणारी, अंगानं सडपातळ. माझी जन्मतारीख मात्र विचारू नका. कारखान्यातून खोक्यात बसून येणाऱ्या सायकलींना तशी तारीख असते. मी तुकड्यातुकड्यांनी जन्मले. आधी फ्रेम आली, मग चाकं, मग हँडल. चेन तर इतक्या उशिरा आली, की तोपर्यंत मला सगळे नुसते ढकलतच होते.

मला बांधलं एलिसेओमामांनी. तोता तळ्याच्या काठी, जिथे वाऱ्यालासुद्धा कांद्याच्या पातीचा वास येतो, तिथे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तरुणपणी ते शर्यतीत उतरायचे. तिथे कोण उतरत नाही म्हणा! पाद्रीबाबांपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकानं कधी ना कधी शर्यत केलेली असते, आणि प्रत्येकाच्या मते तो अगदी थोडक्यात हरलेला असतो. त्यामुळे सायकलीकडे बघताना तिथल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. हलकी असली की चांगली, आणखी हलकी असली की आणखी चांगली. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातला सगळा घोळ यातूनच झाला.

मला बांधलं ते मामांच्या भाचीसाठी. तिचं नाव येसेनिया, घरातले येसे म्हणायचे. जन्माच्या वेळी तिचा डावा खांदा ओढला गेला होता आणि त्या हातात ताकद अशी कधी आलीच नाही. तो हात हँडलवर ठेवता यायचा, टेकवता यायचा. आवळता किंवा उचलता मात्र काही यायचं नाही. तिची आई नुबिया त्या हातावर सतत नजर ठेवून असायची. येसे ताटलीकडे वाकली की नुबिया ताटली पुढे सरकवायची. येसेनं बुटाची नाडी धरली की नुबिया गुडघ्यावर बसलेली असायची.

त्या वर्षी येसेची वरच्या वस्तीतली छोटी शाळा संपली. मोठी शाळा खाली, तळ्याकाठच्या गावात. पायी जायचं तर पहिला तास बुडायचा. डांबरी रस्त्यानं सायकलवर जायचं तर कांद्याचे ट्रक वळणावर भोंगासुद्धा न वाजवता येतात. उरली कुरणांतून उतरणारी पायवाट. पण त्या पायवाटेच्या मध्येच एक दगडी भिंत आडवी होती. पलीकडे एकाचा बैल चरायचा, म्हणून मालकानं फाटक ठेवलंच नव्हतं. भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर पाय देत माणसं ती ओलांडायची. सायकल असली तर ती उचलून न्यायची. रात्रभर तिथे सोडून यायची तर बैल तिच्याशी शिंगांनी खेळला असता.

नुबिया पहाटेच कांद्याच्या मळ्यावर जाणाऱ्या ट्रकमध्ये चढायची. सोबत जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तिनं सांगून टाकलं, "सायकल घेऊन ती भिंत एकटीनं पार करता आली, तर इथून शाळा. नाही आली, तर सोगामोसोला मावशीकडे राहायचं आणि रविवारी घरी यायचं."

येसेला मावशी आवडायची. पण मावशीच्या घरातून तळं दिसायचं नाही, आणि आई तर नाहीच नाही.

मामांनी मग कंबर कसली. दुइतामाच्या एका शर्यतवाल्याच्या मुलाला लहान झालेली माझी फ्रेम त्यांनी मिळवली. ॲल्युमिनियमची, एका बोटावर तोलता येईल अशी. स्प्रिंगवाला चिमटा जड, म्हणून पुढचं चाक धरायला त्यांनी कार्बनचा सरळ चिमटा लावला. पुढे दातांचं चक्र एकच ठेवलं, म्हणजे गिअरचा एक अख्खा पसारा कमी. गिअर आणि दोन्ही ब्रेक त्यांनी उजव्या मुठीत आणले. एकच दांडी दाबली की दोन्ही ब्रेक लागायचे. मागचा जरासा आधी धरेल आणि पुढचा पाठोपाठ, अशा बेतानं त्यांनी तारा ओढल्या, नाहीतर उतारावर पोरगी हँडलवरून पुढे गेली असती. डाव्या मुठीच्या जागी नुबियानं जुन्या खोगिराचं चामडं पन्हळीसारखं शिवून दिलं. त्यात येसेचा हात मांजराच्या पिलासारखा गपगार बसायचा.

प्रत्येक भाग बसवण्याआधी मामा तो समोरच्या चीजच्या दुकानात घेऊन जायचे. दुकान दोन्या एर्मेन्सियाचं, दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई, आणि तिचा काटा गावात सगळ्यात खरा.

"आलात? आज काय आणलंत, चीज घ्यायला पिशवी की पायडल?" ती विचारायची.

"दोन्या, एवढं सीटचं नळकांडं ठेवा काट्यावर."

"माझ्या काट्याला ग्रीसचा वास लागलाय हो. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठल्या गाईचं चीज?"

"सांगा, घाट चढणाऱ्या गाईचं."

नळकांडं मग कापून आखूड व्हायचं. लोखंडी बोल्ट जायचे आणि ॲल्युमिनियमचे यायचे. मामा खूश व्हायचे. आणि संध्याकाळी मळ्यावरून आलेली नुबिया मला काहीतरी बांधून जायची. एकदा घंटी, एकदा दिवा, एकदा वाटसरूंना राखणाऱ्या माता कार्मेनचं पदक. पदक चांगलं बशीएवढं होतं.

"नुबिया, ही घंटी काढ. तिथे ऐकायला फक्त बैल आहे."

"मग बैलाला ऐकू येऊ दे, दादा."

"आणि हे पदक? ह्याच्यापेक्षा माझं मागचं गिअर हलकं आहे!"

"देवीला वजनावरून बोलतोस? तोंड धुऊन ये."

मी मध्ये उभी. सकाळी हलकी व्हायचे, संध्याकाळी जड. खरं सांगू? मला दोघांचाही राग यायचा नाही. एकाला वाटायचं पोरगी सहज जावी, दुसरीला वाटायचं पोरगी सुखरूप जावी. दोघं बोलत होते एकाच पोरीबद्दल. फक्त ती पोरगी काय म्हणते, ते कुणी विचारलं नव्हतं.

मी पुरी झाले त्या रविवारी सगळे भिंतीपाशी जमले. दोन्या एर्मेन्सियासुद्धा आली होती, माझं वजन आपल्यामुळे उतरलं असं तिचं म्हणणं. येसेनं उजव्या हातानं माझ्या वरच्या नळीला धरलं आणि मला उचललं. मी चटकन वर आले. मामांनी टाळीसाठी हात वर केले, आणि तेवढ्यात माझं पुढचं चाक गर्रकन फिरलं. हँडल येसेच्या गालावर आदळलं. तिच्या हातातून निसटून मी चिखलात पडले.

येसेच्या गालावर लाल वळ उठला होता. नुबियानं तो अंगावरच्या लोकरी रुआनाच्या टोकानं पुसायचा प्रयत्न केला. वळ पुसला जातो होय?

"झालं," ती म्हणाली. "सोगामोसोला फोन करते."

"थांब गं, अजून वजन काढतो," मामा म्हणाले. "आठवडा दे मला."

त्या आठवड्यात मामांच्या हातात काय संचारलं होतं कोण जाणे. टायर पातळ झाले. पायडलच्या कडा घासल्या गेल्या. सीटखालचा कापूस गेला. आणि एके दुपारी त्यांनी माझा पुढचा ब्रेकच काढून टाकला. मित्रांनो, मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी हलकी झाले होते, पण ज्या उतारावर मला जायचं होतं तो तेवढाच उभा होता.

नुबियानं आल्याआल्या ते पाहिलं. येसे कांद्याच्या रिकाम्या पेटीवर बसून गुळाचं गरम पाणी पीत होती.

"पुढचा ब्रेक कुठेय?"

"मागचा आहे ना. उतारावर सांभाळून गेली की..."

"सांभाळून? पाय घासत उतरेल का माझी पोर? दादा, तू शर्यत हरलास त्याला वीस वर्षं झाली. आता माझ्या मुलीच्या जिवावर जिंकायचीय का तुला?"

मामांचा चेहरा पडला. ते हातातला पाना नुसताच फिरवत राहिले.

"मामा, ती जड नाहीये," येसे म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"ती जड नाहीये. ती फिरते. मी वर उचलते आणि तिचं तोंड फिरतं."

"आधी का नाही सांगितलंस?" मामांनी विचारलं.

"विचारलंत कुठे? तुम्ही दोघं दिवसभर तिला उचलता, वजन करता, परत ठेवता. माझ्या हातात दिलीत ती एकदाच, तीही भिंतीपाशी, सगळ्या गावासमोर. आता मला देता का जरा? आणि आई, तू खाली बस."

नुबिया बसली. पण हात कसे बसणार? तिनं शेजारची शेंगांची टोपली ओढली आणि मटार सोलायला घेतला. तिचं अर्धं लक्ष येसेकडे. सोललेले दाणे टरफलात जात होते आणि टरफलं दाण्यात.

येसेनं मला एकदा सीटला धरून उचललं. नाही जमलं. मग चिमट्याला धरून. मी उलटी झाले. मग तिनं मला आपल्या उजव्या बाजूला उभं केलं, माझ्या फ्रेमच्या त्रिकोणातून उजवा हात आरपार घातला आणि वरच्या नळीखाली खांदा दिला. पाण्याच्या बाटलीचं कडं तिच्या काखेत रुतलं. "हे काढा," ती म्हणाली. मामांनी काढलं. मग तिनं तोच हात खालच्या नळीखालून पुढे नेला आणि हँडल धरलं. माझं तोंड सरळ राहिलं. ती उठून उभी राहिली आणि मी तिच्या खांद्यावर होते.

ती दुकानात दोन पावलं चालली.

"तारा टोचतात," म्हणाली. वरच्या नळीच्या पोटाखालून ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा जात होत्या, त्या खांद्याला कापत होत्या. मामा लगेच कामाला लागले. तारा त्यांनी नळीच्या वरच्या अंगानं फिरवल्या. पुढचा ब्रेक परत आला, जाड टायर परत आले. नुबियानं कात्री घेतली आणि स्वतःच्या रुआनाच्या कडेची चांगली हातभर पट्टी कापली. तिची घडी करून तिनं माझ्या नळीखाली, जिथे येसेचा खांदा येतो तिथे, घट्ट शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी मला दोन्या एर्मेन्सियाच्या काट्याला टांगलं.

"अरे, हे काय? वाढलं की!" ती म्हणाली.

"वाढू दे," मामा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून निघताना मी पहिल्यांदाच ऐकले. "नुबियाला म्हणावं, पदकपण लाव हवं तर. पण लहान बघ, बशी नको."

येसे पुढचे कितीतरी दिवस मला घेऊन अंगणात चढ-उतार करत राहिली. कधी पडलो, दोघीही. तिच्या कोपराला खरचटलं, माझा रंग गेला. नुबिया दारातून बघायची आणि मग आत जाऊन भांडी वाजवायची.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. तळ्यावर धुकं होतं. नुबिया कांद्याच्या ट्रकला उशीर करून भिंतीपर्यंत आली. "फक्त बघते," असं म्हणत. येसेनं दप्तर पाठीला आवळलं, मला उजवीकडे घेतलं, हात आरपार घातला आणि उठली. डावी कूस भिंतीला टेकवत ती पहिल्या दगडावर चढली, मग दुसऱ्या. दगड दवानं निसरडे झाले होते. वरच्या दगडावर तिचा बूट थोडा सरकला.

नुबियाचा हात पुढे आला.

"आई." येसेनं मान न वळवताच म्हटलं. "हात मागे."

मित्रांनो, मी खांद्यावरून सगळं पाहत होते. आयुष्यभर पुढे येत आलेला तो हात हवेतच थांबला. मग नुबियानं दोन्ही हात रुआनाच्या आत घेतले आणि एकमेकांत गच्च धरले. येसेनं पाय पुन्हा नीट टेकला. ती भिंतीवर उभी राहिली, पलीकडचे दगड उतरली आणि मला गवतावर ठेवलं. बैलानं एकदा मान वर केली आणि परत चरायला लागला.

"खा नीट गं! आणि उतारावर..." नुबिया ओरडली.

"मागचा आधी धरतो, पुढचा मागून! माहितीय!"

आम्ही उतार उतरलो. मोठ्या शाळेची घंटा व्हायच्या आधी पोचलो. संध्याकाळी त्याच भिंतीवरून वर आलो, कारण घरी तर यायचंच होतं. सोगामोसोच्या मावशीला फोन गेला खरा, पण नुसताच बढाई मारायला.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या भिंतीवरून ये-जा केली. सुखाचे दिवस होते. येसे रविवारी माझी चेन पुसायची, तेल द्यायची, नळीखालची लोकर उन्हात वाळवायची. शाळेतली पोरं मला "खांद्यावरची" म्हणायची. पुढे येसे उंच झाली, तिचे गुडघे हँडलला लागायला लागले. तिला मोठी फ्रेम मिळाली आणि मी मामांच्या दुकानात खुंटीवर गेले. तिथले दिवस मला फारसे आवडले नाहीत. चेन गंजली. एका टायरमध्ये कोळ्यानं घर केलं. कुणी माझं एखादं पायडल मागून न्यायचं, ते परत यायचं नाही. सायकल एका दिवसात मरत नाही. तिच्यातलं एकेक गळत जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. तुमची सायकल पावसात टाकू नका. चेनला तेल द्या, ब्रेक घासलाय का ते बघा, आणि ती तुम्हाला लहान झाली तर भिंतीला टेकवून विसरू नका. कुणाला तरी ती अगदी मापाची असते. आणि कुणासाठी काही बनवत असाल, तर पुरं होईपर्यंत थांबू नका. अर्धंमुर्धं असतानाच त्याच्या हातात द्या. कुठे टोचतं, ते त्यालाच कळतं.

परवा एक ठेंगणी मुलगी तिच्या वडिलांबरोबर दुकानात आली. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे. वडील सांगायला लागले, हिला असं हवं, तसं हवं, पायडल इतकं वर हवं. मामांनी मला खुंटीवरून काढलं, कोळ्याला हळूच बाजूला केलं आणि मला त्या मुलीसमोर उभं केलं. मग वडिलांना एक स्टूल दिलं.

"तुम्ही बसा हो," ते म्हणाले. "हं बाळा, तू सांग."

ती मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या हँडलवर हात ठेवला. तिचा हात गरम होता.