कुंकवाखालचे आकडे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नागपुरात कुसुमताईंच्या घरी अडगळीच्या खोलीत पडून असतो. माझ्याच्यानं आता काही होत नाही, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

कुसुमताई आणि त्यांचे यजमान वामनराव यांचं गांधीबागेत लग्नपत्रिकांचं दुकान होतं. मला चालवणारी प्रणाली वामनरावांनी रीतसर विकत घेतली होती. तिचा परवाना पुढे दुसऱ्या संगणकावरही नेता आला असता. त्याच्या आकड्यांची चिठ्ठी हरवू नये म्हणून त्यांनी ती माझ्या अंगावरच चिकटवली. दर दसऱ्याला ते माझी पूजा करायचे आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं त्या चिठ्ठीवर टेकवायचे. मला वाटायचं, हेच आपलं कपाळ. मी काय फुशारून जायचो तेव्हा!

गेल्या दसऱ्यानंतर वामनराव वारले. संक्रांतीच्या सुमाराला मीही जळलो. लग्नसराई तोंडावर आली होती, म्हणून कुसुमताईंनी धर्मेंद्र नावाच्या दुरुस्तीवाल्याकडून एक वापरलेला संगणक आणला. नवा परवाना घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. धर्मेंद्रने माझी प्रणाली त्यात उतरवली. मग पडद्यावर परवान्याचे आकडे मागणारी चौकट आली आणि काम अडलं.

“काकू, आकडे कुंकवाखाली आहेत. पुसा लागते.”

“काहून गा? तसे नाही दिसत?”

“नाही दिसून राहिले.”

“त्याईच्या हातचं शेवटचं कुंकू आहे थे,” कुसुमताई म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला. “दे तो फडका. मलेच पुसू दे.”

कुंकू निघालं. खाली आकडे नव्हतेच, नुसता गुलाबी कागद होता. इतक्या वर्षांच्या ओल्या बोटाने ते कधीच विरून गेले होते. ज्या बोटाचा मला एवढा अभिमान होता, त्यानेच हा घात केला. मला फार वाईट वाटलं.

पत्रिकांची कामं दुसरीकडे गेली आणि दुकान बंद झालं. कुसुमताई आता दुसऱ्याच्या दुकानात पत्रिका पाकिटात भरायला जातात.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आमच्या अंगावर काय लिहिलंय ते आधी वाचून कुठेतरी उतरवून ठेवा.

यंदा दसऱ्याला कुसुमताई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझी धूळ झटकली आणि चिठ्ठीच्या त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. बोट कोरडं होतं.