फलकासाठी तोडलेली डोलकाठी

मित्रांनो, रामकृष्ण सावंतांना त्या सफरीतून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकते. एक फोटो. त्या फोटोत फुगलेलं शीड, शिडाच्या वर मराठी मंडळाचा कापडी फलक आणि फलकाखाली स्वतः सावंत. तो फोटो मस्कतच्या गणेशोत्सवात मोठ्या पडद्यावर झळकला की मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्या खिशात. एवढ्यासाठी हा गृहस्थ बायको वैशाली आणि अकरा वर्षांची मुलगी उर्वी यांना गाडीत कोंबून मस्कतजवळच्या माबेलाहून नऊशे किलोमीटर दक्षिणेला आला आणि पुढे मोठ्या बोटीनं हल्लानियात बेटांवर उतरला.

मी तिथल्या रशीदच्या होडीची जुनी डोलकाठी. म्हणजे होते. माणसं मी कायम उंचावरून पाहिली आहेत. उंचावरून माणसांची टकलं फार लवकर दिसतात.

माझं लाकूड मलबारचं. ओमानच्याच सूर बंदरातल्या गोदीत बदरुद्दीन सुतारानं मला तासलं, तेव्हा रशीदचा बाप माझ्यावरून हात फिरवत म्हणाला होता, "ही माझ्यानंतरही उभी राहील." तो दर वर्षी मला मुशी माशाच्या तेलानं न्हाऊ घालायचा. पुढे होड्यांना इंजिनं आली आणि माझं कौतुक आटलं. पण रशीदनं तेलाचा नेम मोडला नाही. त्याचं इंजिन कुरकुरतं होतं. लांबच्या मासेमारीला तो माझ्याच जिवावर जायचा.

सावंतांना या वस्तीच्या बेटावरून समोरच्या ओसाड सौदा बेटावर शिडानं जायचं होतं. महिना सप्टेंबरचा, साल २०१५. रशीदनं सरळ सांगितलं, "बाबा, अभी खरीफ का हवा है. बीस दिन बाद आओ." खरीफ म्हणजे इथला पावसाळी वारा, समुद्र खवळवणारा.

सावंत हसले. नारळी पौर्णिमा होऊन सहा दिवस झाले होते ना! कोकणात त्यानंतर दर्या शांत होतो, म्हणून ओमानच्या दर्यानंही व्हायला हवं, असा यांचा हिशेब. पिशवीतून त्यांनी सुपरमार्केटचा सोललेला नारळ काढला. वरचा स्टिकरही तसाच. "रशीदभाई, हम मालवण का आदमी है. ये नारियल डाला, खलास! समंदर शांत."

"अहो, तो इथलाच माणूस आहे, त्याचं ऐका," वैशाली म्हणाली.

"अगं, माझ्या आजोबांचे मचवे होते मचवे!"

"तुमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं."

सावंतांनी नारळ फेकला. लाटेनं तो परत त्यांच्या पायाशी आणून टाकला. यावर शहाणा माणूस घरी गेला असता. सावंतांनी तो आणखी जोरात फेकला आणि रशीदला विचारलं, "डर गया क्या?"

बस. एवढ्यावर रशीद होडी ढकलायला उठला. माझा धनी भला, पण डिवचला की त्याचीही अक्कल किनाऱ्यावरच राहते.

शीड चढवायचा दोर माझ्या शेंड्याच्या कप्पीतून जातो. सावंतांनी त्याच दोराला फलक बांधला. "निकालो उसको," रशीद ओरडला. "फोटो के बाद," सावंत म्हणाले आणि दोर खेचत सुटले. शिडासोबत फलक वर आला, वाऱ्यानं त्याचं एक टोक गुंडाळलं आणि ते थेट कप्पीत घुसून बसलं.

बेटाच्या आडोशाला पाणी संथ होतं. "बघितलंस, वैशाली? तळं आहे तळं!" फोटो झाला. उत्तम आला, म्हणे.

मग आडोसा संपला.

वारा असा आला की होडी एका कुशीवर पडली. पाणी काठावरून आत येऊ लागलं. रशीदनं शीड उतरवायला दोर सोडला, पण शीड हललं नाही. त्यानं दोर कापला, तरी नाही. वर कप्पीत फलक अडकलेला. सावंत तळाशी बसून "उर्वी, घाबरू नको" असं डोळे मिटून म्हणत होते. उर्वी घाबरलेली होतीच, पण तिचे हात चालू होते. वैशालीनं शंकरपाळ्यांचा डबा समुद्रात रिकामा केला आणि मायलेकी त्याच डब्यानं पाणी उपसायला लागल्या.

"आई, इट्स नॉट गोइंग डाउन!"

"बोलू नकोस. उपस."

रशीदनं कुऱ्हाड उचलली. एकदा वर माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे. नंतर वर पाहिलं नाही. सात घाव बसले. मी शिडासकट पाण्यात गेले आणि होडी सरळ झाली. कुरकुरतं इंजिन चौघांना घेऊन परतलं. मी दोन दिवसांनी किनाऱ्याला लागले, तीन तुकड्यांत.

पुढचं मला रशीदच्या फोनवर कळलं. वैशालीनं गणेशोत्सवाचा व्हिडिओ पाठवला होता. माझ्या एका तुकड्यावर बसून त्यानं तो पाहिला. स्टेजवर सावंत सांगत होते, "...आणि मग मी कुऱ्हाड हातात घेतली!" सभागृहातून उर्वीचा आवाज आला, "नो बाबा! रशीद अंकलनी घेतली! तू तर खाली बसला होता!" लोक खळखळून हसले. एक बाई म्हणाल्या, "किती गोड मराठी बोलते!" आणि टाळ्या सावंतांनाच पडल्या.

व्हिडिओखाली वैशालीनं हिंदीत लिहिलं होतं, "माफ करना, रशीदभाई." रशीदला हिंदी बोलता येतं, वाचता येत नाही.

मित्रांनो, समुद्राला आपलं पंचांग ठाऊक नसतं. परक्या पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, आणि विचारल्यावर ऐकासुद्धा. होडीला तेल लावणाऱ्याचा शब्द नारळ फेकणाऱ्याच्या शब्दापेक्षा जड असतो.

तर, त्या फोटोसाठी कोणाला काय मोजावं लागलं? सावंतांना काहीच नाही. ते अध्यक्ष झाले. वैशालीला नवऱ्यावरचा उरलासुरला विश्वास. उर्वी त्यानंतर समुद्राच्या पाण्यात पाय घालत नाही. मी चुलीत गेले. आणि रशीद त्या वर्षी लांबच्या मासेमारीला गेलाच नाही. किनाऱ्याजवळच जाळं टाकत राहिला.