आकर्षक उपद्रव

नेब्रास्कातील त्या लहानशा गावात क्रीडाशिक्षक ऑर्विल स्टँगल यांनी एक व्रत धरले होते : शाळा सुटल्यावरही क्रीडांगणाचे फाटक उघडे असावे, गावाने तेथे खेळावे, धावावे, निदान चालावे तरी. परंतु शिक्षणमंडळाच्या वकील विनिफ्रेड कोल्बी यांनी फाटकाला कुलूप लावविले. झोपाळे, घसरगुंडी हे सारे कायद्याच्या भाषेत ‘आकर्षक उपद्रव’. मूल मोहाने येते, पडते, आणि दावा मंडळावर येतो.

“अहो, पण आता पोरं कुंपणावरून चढतात!” स्टँगल कळवळून म्हणाले होते.

“चढेल तो आपल्या जबाबदारीवर,” हे बाईंचे उत्तर.

सोमवारच्या सभेत ते कुलूप कायमचे होणार होते. शनिवारी सकाळी बाई क्रीडांगणाची छायाचित्रे घ्यावयास आल्या. किल्ली रखवालदारापाशी, आणि रखवालदार मासे धरावयास गेलेला. स्टँगल फाटकाशी उभे होते; शेजारच्या हेझेल आजी काठी टेकीत रस्त्यावरच फेऱ्या घालीत होत्या.

“थांबा की जरा, येईल तो,” स्टँगल म्हणाले.

“मला वेळ नाही. आणि कुंपण काही एवढं उंच नाही!”

बाईंनी जाळीत बूट रोवला. चढल्या सुरेख, परंतु पाय पलीकडे टाकताना विजारीची बैठक वरच्या तारेत गुंतली, आणि साक्षात न्यायदेवता त्रिशंकूप्रमाणे अधांतरी राहिली.

हेझेल आजी थबकल्या. “मास्तर, हाच का तो आकर्षक उपद्रव?”

“आजी, हसवू नका, पडेन मी!”

“पड की खुशाल. दावा कुणावर लावायचा, तेवढं सांगून ठेव.”

“मंडळावर! दुसरं कुणावर? धडधडीत फाटक असताना त्याला कुलूप लावून ठेवायचं, मग माणसानं चढायचं नाही तर...”

वाक्य तेथेच थिजले. स्टँगल यांच्या जिभेवर बरेच काही आले. परंतु काही पाठ शिष्याने स्वतःच पुरे करावयाचे असतात, हे ते जाणत होते. त्यांनी खांदा पुढे केला. कापड टरकले, तारेने कापडाखालीही चांगलाच ओरखडा काढला, आणि बाई उतरल्या.

सोमवारी बाईंनी सभेत सांगितले की, झोपाळ्याहून बंद फाटक अधिक धोक्याचे, ते उघडावे.

“याला काही आधार?” अध्यक्षांनी विचारले. “आणि बाई, बसून बोला ना.”

“आधार आहे,” बाई म्हणाल्या, “म्हणूनच उभी आहे.”

मागच्या बाकावर हेझेल आजींनी काठी वाजविली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. फाटक सताड उघडेच होते.