बत्तिसावा दिवा

एका नामवंत कलावंताच्या प्रदर्शनाचं निमंत्रण आलं तेव्हा म्हातारा वायरमन लेकीला म्हणाला, "नको गं. मला काय कळतं त्यातलं?" लेक कसली ऐकते! ज्या यंत्रामुळे तो कलावंत देशोदेशी गाजला, ते चाळीस वर्षांपूर्वी तिच्या बापानं जोडलं होतं. बत्तीस दिवे, तीन प्रोजेक्टर आणि एक टेप. टेपवरचा आवाज चढला की दिवे आपोआप मंदावत. कलावंतानं कागदावर एक गोल तेवढा काढून दिला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण आता तरी बापाचं नाव लागलं असेल, या आशेवर लेकीनं त्याच्या शर्टाला दोनदा इस्त्री केली.

दालनात ही गर्दी, आणि यंत्र मात्र बंद. शेजारच्या पाटीवर कलावंताचं नाव वीतभर अक्षरांत होतं. खाली लिहिलं होतं: बत्तीस दिवे, तीन प्रोजेक्टर, टेप, तांब्याची तार. तिनं पाटी तीनदा वाचली. तारेचंसुद्धा नाव होतं, बापाचं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात कलावंतच लगबगीनं आला. "आलास, मिस्त्री!" त्यानं वायरमनच्या खांद्यावर हात टाकला, तशी लेक जरा निवळली. "सकाळपासून चालतच नाहीये रे. चार इंजिनिअर आणले, चौघांनी हात टेकले. पडद्यामागून जा, लोकांना दिसू नकोस. टेस्टर मागवतो कुठून तरी."

"बाबा, घरी चला," लेक म्हणाली. "हात लावायचा नाही तुम्ही."

वायरमननं इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला.

"घरून आणलात?" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षांत त्यानं मला दुसऱ्या कशाला बोलावलंय, सांग बरं?" एवढं बोलून तो पडद्यामागे गेला.

दहा मिनिटांत दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला, कलावंत कमरेत वाकला. लेकीनं हाताची घडी सोडली नाही. तिनं दिवे मोजले. एकतीस. कोपऱ्यातला एक बंदच होता. बापानं तो मुद्दाम सोडला, असं वाटून तिला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा खराखुरा अभिमान वाटला.

मग पडदा हलला, आतून टेस्टरची खटखट ऐकू आली, आणि बत्तिसावाही लागला.