मोकळे टोक

तुम्ही निवांत बसा, मित्रांनो. मला मात्र ते कधी जमले नाही. मी एक जुना राउटर आहे. पाठीला वायरी लावायची भोके, कपाळावर हिरवे दिवे, आणि जन्मल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही.

कारखान्यात एका बाईने मला वीज जोडून पाहिली. दिवे लागताच "चालतोय" म्हणाली आणि तिने मला खोक्यात भरले. तेवढे कौतुक पदरात घेऊन मी या घरी आलो. घरात बाबा आणि त्यांच्या दोन मुली. बाबांचा जन्म नळकामात गेलेला. मुलींची टेबले एकाच खोलीत, मधे कपाट, आणि कपाटावर मी. बाहेरून इंटरनेटची एकच वायर माझ्यात येते आणि माझ्यातून दोन वायरी दोन कॉम्प्युटरांकडे जातात.

"म्हणजे एका टाकीवर दोन नळ," बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले. "हे मला नका शिकवू!"

तसे ते थोडे वेगळे आहे. पाणी कुणाच्याही बादलीत पडले तरी चालते. थोरलीचे काम धाकटीच्या कॉम्प्युटरवर गेले तर कसे चालेल? म्हणून मी दोघींच्या कॉम्प्युटरांना वेगवेगळे नंबर देतो, बारीक तुकड्यांनी येईल ते निवडतो आणि ज्याचे त्याला पोचवतो. एक हिला, एक तिला. दिवे लुकलुकतात ते त्याच धावपळीने.

सुरुवातीला बाबा मला रोज पुसत. पुढे पुसणे राहिले. कुणीतरी शोभेसाठी माझ्यावर विणलेला रुमाल टाकला. आत मी तापून निघायचो, पण सांगणार कोणाला?

थोरली घरूनच एका इंजिनियरसाठी घरांचे नकाशे काढते. तिचे जडशीळ नकाशे ऑफिसकडे निघाले की व्हिडिओ कॉलवरचे धाकटीचे चित्र जागच्या जागी थिजायचे.

"ताई, तुझे बंगले आवर गं! मैत्रिणींना माझी जांभई दिसतेय मघापासून."

"मग तोंड मिटून बसावं माणसानं."

तेव्हा दोघी हसायच्या. मग धाकटी जिथे काम करायची ते दुकान बंद पडले. ती दिवसदिवस अर्ज पाठवायची, आणि उत्तर आले का म्हणून माझ्या दिव्यांकडे बघत राहायची. आता नकाशे निघाले की कुणी हसत नसे.

एकदाचे एका कंपनीने मुलाखतीला बोलावले, तेही कॅमेऱ्यासमोर. त्या सकाळी थोरलीने लॅपटॉपमधून आपली वायर काढली आणि लॅपटॉप काखोटीला मारला. "आज सगळं नेट तुझं. मी ऑफिसात जाऊन बसते." तिच्या वायरीचे टोक कपाटावरून लोंबत राहिले.

मुलाखत सुरू झाली. बाबांना हलू नका, खोकू नका अशी ताकीद होती. ते कोपऱ्यात स्टुलावर चुळबुळत बसले होते. तेवढ्यात त्यांना ते लोंबते टोक दिसले. पाइपाचे तोंड उघडे टाकून बाबा कधी घरी आले नव्हते. ते पाय न वाजवता उठले. माझ्या पाठीला एक भोक रिकामे होते. टोक तिथे अलगद बसवले, आणि समाधानाने परत स्टुलावर टेकले.

मित्रांनो, त्या वायरीचे एक टोक आधीच माझ्यात होते, आता दुसरेही माझ्यातच आले. मी पाठवावे आणि ते मलाच परत यावे. मी पुन्हा पाठवावे, ते दुप्पट होऊन यावे. माझे दिवे पिसाटले. धाकटीचा शब्द बाहेर न्यायला मला जागाच उरली नाही. पडद्यावरचे साहेब अर्ध्या प्रश्नावर थिजले.

धाकटीने थोरलीला फोन लावला. "तुझेच नकाशे चाललेत ना? शब्द दिला होतास! तुला माझं बरं झालेलं बघवतच नाही!"

थोरली म्हणाली, "मी ऑफिसच्या दारात उभी आहे. माझी वायर लोंबतेय, बघ."

धाकटीने पाहिले. वायर लोंबत नव्हती.

"ती मी बसवली," बाबा म्हणाले. "उघडी होती म्हणून..."

त्यांनी घाईने टोक उपसले. मी भानावर आलो. साहेब अजून वाट पाहत होते. मुलाखत झाली, घरी बसून करायची नोकरीही मिळाली.

पण थोरली रोज ऑफिसात जाऊ लागली. घरी आली तरी वायर लावीना. तिच्या भोकाचा दिवा विझलेला, आणि मी दिवसभर तिथे तिचा नंबर शोधतोय. एवढा बेचैन मी त्या गोंधळातही नव्हतो.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी धाकटीने ते टोक उचलले आणि बहिणीसमोर धरले. "ताई, लाव ना. नीट न बघता बोलले मी. तुझे नकाशे आधी जाऊ देत."

"आणि तुझं तोंड थिजलं तर?"

"जांभई देणार नाही."

थोरलीने वायर लावली. दिवा लागला.

मित्रांनो, माझ्या अंगावर रुमाल टाकू नका, मला वारा लागू द्या. आणि काही अडले तर समोर नसलेल्या माणसावर बोट रोखण्याआधी एकदा माझ्या मागे वाकून बघा. वायर मी पुन्हा जोडून घेतो. घरातल्या माणसाचे तुटलेले मन जोडायला माझ्याकडे भोक नाही.